तीन अमावस्या झाकलेला दात

त्या दिवशी सकाळी आपण दोघांनी चुना गाळला. बाजाराच्या आदल्या दिवशी गाळतो तसाच. तू फडकं रांजणाच्या तोंडावर ताणून धरलंस आणि मी विरवलेला चुना वरून ओतला.

तू म्हणालीस, "हळू वता. डोळ्यात उडंल."

मी म्हणालो, "चाळीस वर्सं वततोय. कुणाच्या डोळ्यात उडला?"

"माझ्याच. दोनदा."

एवढंच बोलणं. मग तू फडकं पिळलंस आणि खांबाच्या खुंटीला अडकवलंस. हात धुतलेस, पण तुझ्या अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं पांढरं कधी जायचं नाही, तसं त्या दिवशीही गेलं नाही.

मला लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. सरकारी मदरशात दोन सालं काढली ती उर्दूत. मराठी अक्षर चुना-सुपारीच्या दुकानापुरतं. पण तू गेल्याला आज पाच दिवस झाले, आणि एक गोष्ट मी तुला सांगितली की नाही, ते मलाच कळेना. म्हणून लिहायला बसलो.

आपलं भांडण गिरजेच्या दातावरनं चाललं होतं. आपल्या लेकीची, शांतेची ही थोरली, आठ वर्षांची. दिवाळीनंतर पिंगळीच्या टेसनावर खेळताना हौदाच्या काठावर तोंड आपटलं आणि पुढचा दात कोपऱ्यातून मोडला. दुधाचा नव्हे, नवा आलेला, जन्मभराचा. मोडलेल्या जागी मधोमध खसखशीएवढा लाल ठिपका दिसत होता. शांता तिला घेऊन दुसऱ्या दिवशी आपल्या दारात. मी बापाच्या हातचं जंबूर काढलं, कारण मला तेवढंच येतं. सोनपेठच्या बाजारात माझ्या बापानं दात उपटले, मी उपटले. तू जंबुराकडे बघून म्हणालीस, "ठिवा ते खाली. ह्यो दात अजून व्हायलाय."

तुझं हे बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. उपटलेले दात मी घासलेटच्या रिकाम्या डब्यात टाकायचो. एका दुपारी दुकानातून घरी आलो तर तू तो डबा सुपात उलटा करून बसलेली. डाळीतले खडे निवडावेत तसे माणसांचे दात निवडत होतीस. मोठ्यांचे एकीकडे, पोरांचे एकीकडे. मला म्हणालीस, "बघा. मोठ्याच्या दाताचं मूळ खाली मिटलेलं. पोराच्या दाताचं उघडं, पुंगीवानी. दात वर आला म्हंजी झाला असं न्हाई. आतला जीव त्याला खालून बांधायलाय. जीव मेला की दात तिथंच थांबतो, अर्धा."

मी म्हणालो, "ते सूप चुलीत घाल. त्यात आता डाळ पाखडू नकोस."

सूप तू चुलीत घातलंस. दात घातले नाहीस.

चुना आपल्याच दुकानातला, पण तुझा तू वेगळा ठेवायचीस. चिनी मातीची बरणी, देवळीत, आपल्या लिंगपूजेच्या सामानाशेजारी, भस्माच्या वडीजवळ. चुन्यावर कायम चार बोटं पाणी, आणि पाण्यात लवंगा. जर्मनच्या लढाईत लवंग मिळेना तेव्हा तू भाजीत लवंग घालायची बंद केलीस, पण बरणीतली केली नाहीस. सात सालांचा चुना होता तो. तू म्हणायचीस, नवा चुना जीवाला भाजतो, जुना त्याला झोपवतो. मी हसायचो. पानाला लावायचा तोच चुना, त्यात नवं-जुनं काय.

गिरजेला तू ओसरीवर उन्हाकडे तोंड करून बसवलंस. उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्यानं तोंड धुवायला लावलंस. धुतलेला कापूस त्या ठिपक्यावर धरून बसलीस, रक्त थांबेपर्यंत, घाई नाही. मग बाभळीच्या काट्याच्या टोकावर मावेल एवढा चुना त्या ठिपक्यावर टेकवलास. दाबला नाहीस. वरून मेण आणि राळ गरम करून झाकण केलंस. मग कानातली काडी काढून दातावर अगदी हळू वाजवलीस आणि कान जवळ नेलास.

तू कान लावलास की पोरं रडायची थांबायची. गावात बाया म्हणायच्या, ती दाताशी बोलती. ज्या बाया तुला बोलवायच्या त्याच असं म्हणायच्या. पेडगावची एक तर पोराचा दात दाखवून झाला की घरी जाऊन त्याची दृष्ट काढायची. तुला हे कळलं तेव्हा तू म्हणालीस, "काढू दे. माझी कोण काढतंय?"

गिरजेला आपल्याकडेच ठेवून घेतलंस आणि सांगितलंस, तीन अमावस्या ह्याला हात लावायचा नाही. खाली टणक खपली धरते, मग उघडायचं.

एक गेली, मग येळवसेची दुसरी गेली. पौषातली तिसरी दोन दिवसांवर आली आणि शांतेची सासू, इहीणबाई, पिंगळीहून गिरजेला न्यायला आल्या. शांतेचे दिवस भरत आलेले, तिला थोरलीची मदत पाहिजे. पण इहीणबाईंनी तोंड उघडून दात बघितला आणि म्हणाल्या, "असं मेण लावलेलं घेऊन मी गावात जाऊ? आत काय सडलंय कुणाला ठाऊक. काळ्या दाताची पोर कोण करंल? इवाई, तुमी काढून टाका. फट दिसंल तर दिसंल, वास तर येणार न्हाई."

मला त्यांचं पटलं. पटलं, हे मी कबूल करतो. जबड्याला पू होऊन माणूस मेलेला मी बघितलाय. नात जाण्यापरीस दात गेलेला बरा.

दोन दिवस तेच चाललं, आणि अमावस्येला तू म्हणालीस, "उद्या सकाळी उघडू. खपली धरली नसंल तर पुन्ना चुना भरू. तवर कुणी हात लावायचा न्हाई."

हे तुझं शेवटचं बोलणं. अमावस्येची दुपार होती. इहीणबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या, गिरजा शेजारी गेलेली. तू मागच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसलीस. मी उंबऱ्याजवळ तुझ्याकडे पाठ करून सुपारी कातरायला घेतली आणि बोलत सुटलो.

बोललो ते सगळं लिहितो. म्हणालो, तुझ्या हट्टापायी पोरीचा जबडा सुजंल. म्हणालो, उद्या उघडायची वाट बघायची गरज न्हाई, मीच उपटतो. म्हणालो, दाताला खपली धरती म्हणं, दात काय गुडघा हाय? तू गप्प. तुझं गप्प बसणं मला नेहमीच जड जायचं. तू बोललीस की मी भांडू शकतो, गप्प बसलीस की माझ्याच तोंडून काहीतरी निघतं. तसंच झालं. अडकित्ता चालू होता आणि मी म्हणालो, "धरती खपली. म्या बघितलीय. रखमाच्या दाताला धरली होती."

मग सगळंच सांगितलं. पाठमोराच.

कुंभाराची रखमा नऊ वर्षांची असताना गाढवावरून पडली, तुला आठवतंय. तू तिचा दात असाच झाकला होतास. सहा महिन्यांनी तू माहेरी गेलेली असताना तिचा बाप तिला बाजारात माझ्यापुढं घेऊन आला. म्हणाला, गार पाणी प्यायली की ओरडती, काढून टाका. तू असतीस तर त्याला सांगितलं असतंस की ओरडते ते चांगलं आहे. लागून जातं ते जितं, लागून राहतं ते मरायलंय, लागतच नाही ते मेलं, हे तू मला किती वेळा सांगितलं होतंस. पण माणसं जमली होती, माझ्या हातात जंबूर होतं, आणि मनात असंही होतं की बघू हिचं खरं की माझं.

दात सहज निघाला नाही. मेलेला दात हातात येतो. हा धरून बसला होता. पोरीचं ओरडणं पानाच्या गल्लीपर्यंत गेलं.

घरी येऊन मी तो दगडावर ठेवून फोडला. तुझ्या चुन्याखाली टणक झाकण धरलं होतं, आतून, दातानं स्वतः बांधलेलं. त्याखाली लाल धागा ओला होता. आणि मूळ खाली मिटत आलं होतं. मी ते सगळं नदीत टाकून आलो. तू माहेराहून आल्यावर सांगितलं की पू झाला होता. तू विचारलंस, "गार पाणी लागत होतं का?" मी म्हणालो, न्हाई.

तेरा वर्षं मी हे पोटात ठेवलं होतं, आणि त्या दुपारी ओसरीला सांगितलं. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, चिडलीस. चिडणारच. मी आणखी दहा-बारा सुपाऱ्या कातरल्या. मग म्हणालो, "आता बोल की काही," आणि वळलो.

तू भिंतीला टेकून तशीच बसली होतीस. डोळे उघडे होते आणि जिथं माझी पाठ होती तिथं बघत होते. हात मांडीवर, पांढरी बोटं वर.

मी कोणत्या शब्दाला होतो तेव्हा तू गेलीस? गुडघ्याला, का रखमाला? का मी सुपारीला हात घातला तेव्हाच? हे मी कुणाला विचारू?

आपल्यात माणसाला बसवूनच पुरतात. मेलेल्याला बसवायचं म्हणजे लोकांना केवढे कष्ट पडतात, मी बघितलंय. तुला बसवावं लागलं नाही. जो येईल तो म्हणायचा, बसल्या बसल्या गेली, पुण्यवान. मी मान हलवायचो. मला सारखं वाटत होतं की तू उठून म्हणशील, सरका, मला काम आहे.

जंगमस्वामी आले. तुला आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून समोरच्या ओसरीवर बसवलं, डाव्या हातात तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग दिलं. माणसं भजन म्हणू लागली. स्वामी म्हणाले, भस्म भिजवून आणा. इहीणबाई आत गेल्या. परक्या घरात, घाईत, देवळीत बघितलं तर भस्माशेजारी बरणी, बरणीत पांढरं, भिजवलेलं. त्यांना वाटलं तयारच आहे. वरचं पाणी ओतून दिलं आणि बरणी स्वामींपुढं ठेवली.

मी बाहेर माणसांत होतो. आत आलो तेव्हा तुझ्या कपाळावर तीन बोटं ओढून झाली होती. दंडांवर, गळ्याला. मला आधी लवंगेचा वास आला. मग स्वामींकडे बघितलं तर ते आपली बोटं धोतराला पुसत होते, पुन्हा पुन्हा, चुरचुरत असल्यासारखी. त्यांनाही कळेना काय होतंय. मला कळलं. तुझ्या अंगावरचं पुसून काढा म्हणू?

राहिलेलं खड्ड्यात बेलपानांबरोबर तुझ्या मांडीत ओतलं. सात सालांचा चुना, सगळा.

भस्म वाऱ्यानं झडतं. तुला नेताना ऊन तिरपं झालं होतं आणि मी पुढून बघत चाललो होतो. ते झडलं नाही. वाळत गेलं तसं पांढरं होत गेलं, मग आणखी पांढरं, आणि शेवटी तुझ्या कपाळावर शंखासारखं कठीण बसलं. खाली उतरवताना तुझं डोकं जरा हललं, तर लोक दचकले. मला त्याचं काही वाटलं नाही. मी ते पांढरं तडकतं का ते बघत होतो. तडकलं नाही.

दिवेलागणीला घरी आलो. खुंटीवरचं फडकं वाळून टणक झालं होतं. तू पिळून अडकवलं होतंस, त्या पिळ्यात तुझ्या मुठीचा आकार तसाच होता, चार बोटांच्या चार खाचा. मी हात लावला नाही. गिरजा त्याच्याखाली बसली होती. मला म्हणाली, "आबा, दात बोलायलाय."

"काय म्हणतोय?"

"टुक टुक करायलाय. आजी गेली तवापासून."

इहीणबाई म्हणाल्या, "बघा. आत सडलं. उद्या काढूनच टाका, मी तिला घिऊन दुपारच्याला निघते."

आता मला खरी भीती वाटली. उघडायचं तू सांगून ठेवलं होतंस. पण उघडलं आणि खाली खपली नसली, तो लाल ठिपका तसाच उघडा निघाला, तर भरायला तुझा चुना कुठं होता? घरात सकाळी गाळलेला, नवा, भाजणारा. आणि न उघडता तिला पाठवली तर तिथं कुणीतरी दुसरं जंबूर घेऊन बसणारच होतं.

सकाळी अंगणात रात्रभर उघड्यावर राहिलेलं घागरीतलं पाणी आणलं. माघ लागलेला, पाणी बर्फासारखं. गिरजेला ओसरीवर उन्हाकडे तोंड करून बसवलं. इहीणबाई दारात उभ्या राहिल्या, जंबुराची वाट बघत. मी बाभळीचा काटा घेतला. माझा हात उपटणाऱ्याचा हात आहे, त्याला हळू करायची सवय नाही. मी एका हातानं दुसरं मनगट धरलं आणि मेणाच्या कडेला काटा घातला.

झाकण निघालं. खालचा चुना पिठासारखा झाला होता, कापसानं पुसला. लाल काही दिसलं नाही. काट्याचं टोक टेकवलं तर टक्क झालं, दगडावर होतं तसं. तरी माझा विश्वास बसेना. मेलेल्या दातावरही टक्क होतं. दातावर दोन थेंब पाणी सोडलं.

गिरजेनं डोळे मिटून माझं मनगट घट्ट धरलं. मी मोजत होतो. एक, दोन, तीन. पकड सैल झाली.

"गेलं का?"

"गेलं, आजी," ती म्हणाली. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आबा."

मी हिरडी दाबून बघितली, सूज नव्हती. टुक टुक कशानं होत होतं? दिवसभर रडली आणि जिभेनं टोकरत बसली त्यानं, असं मी इहीणबाईंना सांगितलं. मला स्वतःला तेवढं पुरत नाही, पण त्यांना पुरलं. त्या म्हणाल्या, "मंग काढायचा न्हाई?"

"न्हाई. जिता हाय. खालून बांधायलाय अजून. हात लावू देऊ नका कुणाला."

"तुमाला काय म्हाईत? ते तर आमच्या इहीणबाईचं काम होतं."

मी मेण गरम केलं, दात झाकला आणि पायताण घालून बाहेर पडलो.

बाजार भरत होता. कालच पुरून आलेला माणूस बाजारात बघून लोक बाजूला सरकत होते. रखमा आता दोन लेकरांची आई आहे, गावातच दिलेली, मडकी घेऊन चिंचेखाली बसते. मला बघून उठली, पदर तोंडावर घेतला. बोलताना ती पदर घेतेच. लाजाळू आहे, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

मी तिच्याकडे बघून सांगितलं. म्हणालो, रखमा, तुझा दात जिता होता. मला समजत होतं. म्या तो उपटला आन् तुझ्या काकीला खोटं सांगितलं.

ती म्हणाली, "काकीला ठावं होतं, काका."

"काय ठावं होतं?"

"माहेराहून आल्या तवा घरी आल्या होत्या. गार पाणी लागत होतं का, म्हणल्या. म्या म्हणलं, लागायचं आन् जायचं. काईच बोलल्या न्हाईत. माझं तोंड कुरवाळलं. मंग म्हणल्या, काकाला सांगू नको मी इचारलेलं."

माझ्या कानात भजनासारखा आवाज यायला लागला. रखमानं पदर खाली केला. मी तिचं तोंड इतक्या वर्षांत पहिल्यांदा धड बघितलं.

"त्याच्यानंतरच तर त्या दर बाजारी तुमच्यापाशी यिऊन बसायला लागल्या," ती म्हणाली. "कुणी लेकरू घिऊन आलं की आधी त्याच बघायच्या. तुमाला काय वाटायचं, कशाला येतात म्हणून?"

मला वाटायचं, सोबतीला.

मी तिथंच तिच्या मडक्यांमधे खाली बसलो.